सुटकेपुरती लढाई: स्वसंरक्षणाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वसंरक्षण म्हणजे समोरच्याला लोळवणे, हा या विषयातील सर्वांत रूढ गैरसमज असून बाकीचे बहुतेक गैरसमज त्यातूनच फुटतात. वास्तविक स्वसंरक्षणात प्रतिपक्षाचा पराभव हे उद्दिष्टच नसते. हल्लेखोराच्या तावडीतून सुटून उजेडाच्या, माणसांच्या वर्दळीच्या जागी पोहोचणे एवढेच साधायचे असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 ‘खासगी संरक्षणाचा हक्क’ मान्य करतात, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करताना वापरलेले आवश्यक तेवढे बळ गुन्हा ठरत नाही. आणि या तरतुदींचा गाभा 1860 च्या भारतीय दंड संहितेतूनच आलेला आहे.

पहिला वार अंगावर घेतल्याशिवाय हात उचलता येत नाही, ही समजूत कायद्याला धरून नाही. कलम 40 नुसार शरीराच्या संरक्षणाचा हक्क धोक्याची रास्त भीती, म्हणजे त्या परिस्थितीत सामान्य विवेकी माणसाला वाटेल अशी भीती, निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती टिकेल तोवरच टिकतो. या ‘तोवरच’मध्ये सारे मर्म आहे. वाट अडवून काठी उगारणाऱ्याचे मनगट झटकून त्याला ढकलून देणे हे संरक्षण होय. परंतु काठी हातातून गळून पडल्यावर तो पाठ फिरवून पळत सुटला असताना तीच काठी उचलून त्याच्या पाठीत घातली, तर तो सूड ठरतो, मग आधीचा संताप कितीही न्याय्य असो. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हीच मर्यादा स्पष्ट केली. त्याच निकालात, जिवावर बेतलेल्या क्षणी बळाचे माप सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले, आणि ही सवलत मर्यादेइतकीच महत्त्वाची आहे.

पळणे म्हणजे भित्रेपणा, असे एकीकडे मानले जाते, तर कायदा पळायलाच लावतो, असे दुसरीकडे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर्शन सिंग खटल्यात, हल्ला झाला असता नागरिकाने भेकडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सांगितले. मात्र कलम 37 प्रमाणे पोलिसांसारख्या सार्वजनिक अधिकाऱ्यांचे संरक्षण मिळवण्यास वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही. शिवाय कायद्याने सक्ती केलेली नसली, तरी वाट मोकळी दिसताच निघून जाणे हाच बहुधा सर्वांत शहाणपणाचा बचाव असतो, कारण झटापट लांबली की अंधारात लपलेला साथीदार किंवा खिशातला चाकू पुढे येण्याची शक्यता वाढते.

राहता राहिला सर्वांत क्रूर गैरसमज: ज्याने प्रतिकार केला नाही, त्याने धैर्य दाखवले नाही. तीव्र भीतीत शरीर जागच्या जागी थिजणे, आवाज न फुटणे, ही मज्जासंस्थेची स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि तिच्यावर इच्छाशक्तीचा फारसा ताबा चालत नाही. म्हणूनच संहितेच्या कलम 63 मध्ये, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीने लैंगिक कृत्यास संमती दिली असे मानता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे.