नऊ एक्यांचा डोंगर

गोरेगावला मामांच्या ओसरीच्या भिंतीवर कोळशाने एक आकडा लिहिलेला असे : १२३४५६७८९८७६५४३२१. गोरेगाव म्हणजे मुंबईचे नव्हे, सेनगाव तालुक्यातले. हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली. त्याआधी ते परभणीत मोडायचे. दिवाळीला भिंतीला चुना लागला की आकडा जाई, आणि मामा तो पुन्हा लिहीत. मामी वैतागायची. आम्हा भाच्यांना तो धड वाचताही येत नसे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावे दिली आहेत. त्यांतल्या सतराव्या, ‘मध्य’ या घरापर्यंत ही संख्या पोहोचते. परार्धाला एकच घर उणे!

हा डोंगर उभा राहतो तो नुसत्या नऊ एक्यांतून. १११११११११ ला तेवढ्यानेच गुणायचे. पाटीवर मांडून पाहा : तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, असे करत मधल्यात नऊ. हातचा कुठेच येत नाही. दहा एके घेतले की मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि शिखर ढासळते : १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ आकडी कॅल्क्युलेटरचे इथे काम नाही. मामांनी आमच्याकडून सगळे हातानेच करून घेतले होते.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव देणारा माणूस आपलाच : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. कल्पना सुचली त्या रेल्वे स्थानकाचेच नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकले.

अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, ती त्यांची ‘हर्षद’ संख्या. आपल्या डोंगराच्या अंकांची बेरीज ८१. भाग दिला की येतात १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. त्यात आठ तेवढा गळालेला. मूळ अवयव तीनच : ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यावरून एकूण विभाजक ४५. आता ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. हा निव्वळ योगायोग. त्यात कुणी गूढ शोधू नये.

मास्तरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. इथल्या कित्येक गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळात काढले. उपयोग काय, हा प्रश्न रास्तच. पण तो विचारणाऱ्यांनी गुणाकार करून पाहिला होता का, अशी शंका येते. १९६६ साली पत्नी वारल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या धरल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला नाव कळले. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीतच ते गेले.

मामांच्या ओसरीला आता ऑइलपेंट दिला आहे. त्यावर कोळसा धरत नाही.