पत्रपेटीवरचं नाव

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मी एमएससाठी जर्मनीत स्टुटगार्टला पोहोचले. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे मला माहीत होतं. इथे रविवारी किराणा दुकानं बंद असतात, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. शनिवारी दमून झोपले आणि रविवार आईने बांधून दिलेल्या दशम्या व कांदा-लसूण चटणीवर काढला. (रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, हे सोमवारी कळलं!)

खरी परीक्षा सोमवारी सुरू झाली. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. माझ्या वेळी ही रक्कम ११,९०४ युरो होती. बाबांनी त्यासाठी कोल्हापूरच्या घरावर कर्ज काढलं. त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात, पण ते इथल्या साध्या बँक खात्यात. मी गेले त्या बँकेला खातं उघडण्यासाठी पत्त्याच्या नोंदणीचा कागद हवा होता. ही नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. आणि मी महिन्याभरासाठी घेतलेल्या खोलीचा मालक सही द्यायलाच तयार नव्हता!

म्हणजे पैसे माझ्याच नावावर, आणि मी मात्र पर्समधल्या तीनशे युरोंतला एकेक मोजतेय. इथे रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. खोलीत आधीच्या मुलांनी आठ बाटल्या सोडल्या होत्या. दोन युरो! त्याचं दूध आणि ब्रेड आणलं. रात्री व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "जेवलीस का गं?" मी कॅमेरा खिडकीकडे वळवून बाहेरची झाडं दाखवायचे. बाबा फारसं बोलत नसत. पैसे सुटले का, हेही त्यांनी एकदाच विचारलं.

अकराव्या दिवशी नशिबाने विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली. मग पत्र, नोंदणी, खातं, सगळं भराभर झालं. कार्डाचा पिन तेवढा पोस्टाने यायचा होता. आठवडा गेला तरी पत्ता नाही. बँकेत गेले, तर कळलं की पत्र परत आलंय. या पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही. "अहो, राहते की मी!" हे बहुतेक मराठीतच म्हणाले.

उलगडा शेजारच्या इराणी मुलाने केला. इथे पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. माझ्या पेटीवर अजून आधीच्या मुलाचंच आडनाव होतं. एवढी कागदपत्रं गोळा केली, आणि अडलं कुठे, तर चिकटपट्टीवर! नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच सांगते: खोली ठरवतानाच नोंदणीचं पत्र मिळेल का ते विचारा, पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे आणा आणि सामान उघडण्याआधी पेटीवर नाव लावा.

त्याच मुलाकडून चिकटपट्टी घेऊन मी कागदावर आडनाव लिहिलं. पोस्टमनसाठी रोमनमध्ये, आणि खाली, उगीचच, देवनागरीत. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच बाबांचा फोन आला.

"पाटी जरा तिरकी लागलीय बघ," म्हणाले.