ई-रिक्षाची मोटर गेली म्हणण्याआधी...

हुडकेश्वर रोडवरच्या ई-रिक्षावाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय. गाडी झटके द्यायला लागली की लगेच नवी मोटर घेऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक ई-रिक्षांत ४८ व्होल्टची बीएलडीसी मोटर असते. जुन्या गोल्फ कार्टसारखे कार्बन ब्रश तिच्यात नसतात, त्यामुळे तपासणीही वेगळी.

एमसीबी पाडा. मागचं एकच चाक जॅकवर घ्या. दोन्ही उचललीत तर डिफरन्शियलमुळे दुसरं चाक उलटं फिरतं आणि मोटर जागची हलत नाही. कंट्रोलरला जाणाऱ्या तीन जाड वायरी सोडवून चाक हाताने फिरवा. हलकं फिरायला हवं. आता कोणत्याही दोन वायरी एकमेकींना जोडा, चाक अडखळत फिरेल. तिन्ही जोड्यांत सारखंच अडखळलं तर वाइंडिंग बहुधा ठीक. वायरी सुट्या असतानाही जड जात असेल तर वाइंडिंग शॉर्ट किंवा बेअरिंग खराब. वायरी लावल्यावरच जड, तर दोष कंट्रोलरचा. मल्टिमीटरवर वायर ते मोटरची बॉडी बीप आला, की वाइंडिंग बॉडीला लागलं.

शेवटी हॉल सेन्सर. जाड वायरींची टोकं टेपने झाका, एमसीबी चालू करा आणि चाक हळू फिरवा. प्रत्येक सिग्नल वायरवर शून्य आणि साधारण ५ व्होल्ट आलटून पालटून दिसायला हवेत. झटक्यांचं मूळ बरेचदा इथेच सापडतं, आणि सेन्सर मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.