पिशवी न उसवता टॅग वाचता यावा

मृग निघाला की शिरूर अनंतपाळच्या बाजारात सोयाबीनच्या बियाण्याची खरेदी सुरू होते. जाणता शेतकरी आधी पिशवीला शिवलेला टॅग वाचतो. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. त्यावर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती (सोयाबीनला किमान ७० टक्के) आणि मुदत लिहिलेली असते. पुढे बियाणे उगवले नाही तर तक्रारीला हाच टॅग आणि पावती लागते. महत्त्वाची गोष्ट अशी, की तो वाचायला पिशवी उसवावी लागत नाही.

संगणकावरील सॉफ्टवेअरही पिशव्यांतूनच येते. त्यांना पॅकेज म्हणतात. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेला ‘लोहित देवनागरी’ हा फॉन्ट घ्या. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत त्याचे पॅकेज आहे आणि त्याला टॅगही आहे. प्रत्येक ओळीत आधी बाबीचे नाव, मग अपूर्णविराम, मग मजकूर: नाव, आवृत्ती, सांभाळणारे, वर्णन. पॅकेजला इतर पॅकेजेस लागत असतील तर त्यांचीही ओळ असते. मालाविषयीच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात.

पायथन या संगणकभाषेत मात्र अनेक वर्षे टॅग हाच एक प्रोग्राम होता. पॅकेजला काय काय लागते हे कळण्यासाठी तो चालवावा लागे. तो चालायलाच एखादे दुसरे पॅकेज लागत असेल तर? त्याचे नाव त्या प्रोग्रामच्याच आत! पेटीची किल्ली पेटीत राहावी तसा हा प्रकार. शिवाय अनोळखी माणसाचा प्रोग्राम केवळ माहिती वाचण्यासाठी चालवायचा, हा धोका वेगळाच.

मे २०१६ मध्ये ब्रेट कॅनन, नॅथॅनियल स्मिथ व डोनाल्ड स्टफ्ट यांनी ‘पेप ५१८’ या प्रस्तावात सुचवले, की पॅकेज उभारायला काय लागते ते एका साध्या मजकूर-फाइलीत लिहावे. पण कोणत्या मांडणीत?

जेसॉन ही मांडणी यंत्राला सोपी. पण तीत टीप लिहायची सोय नाही, आणि यादीतल्या शेवटच्या नोंदीनंतर चुकून स्वल्पविराम राहिला की सारी फाइल नापास. हाताने लिहिणाऱ्याला ती जाचते. जुनी आयएनआय मांडणी सुटसुटीत, परंतु तिचे सर्वमान्य नियम कुठे लिहिलेलेच नाहीत.

यामल दिसायला सर्वांत देखणी, आणि माझ्या मते सर्वांत फसवी. तिचे नियम छापले तर ८६ पाने होतात, असे प्रस्तावकर्त्यांनीच नोंदवले आहे. अवतरणचिन्ह नसेल तर ती अर्थाचा अंदाज बांधते. इंग्रजी अंकांत आवृत्ती १.१० लिहा, ती दशांश अपूर्णांक समजून १.१ करते, म्हणजे दहावी सुधारणा पहिली ठरते! यामलच्या १.१ या आवृत्तीच्या नियमांनुसार हजेरी क्रमांक ०१० लिहिला तर तो अष्टमान पद्धतीतला समजून ८ होतो, आणि ‘नो’ हा इंग्रजी शब्द ‘असत्य’ होतो. भरीस भर, पायथनमधील यामल वाचणारी प्रचलित लायब्ररी त्या काळी नेहमीच्या आज्ञेने वाचताना फाइलीत दडवलेली आज्ञाही चालवू शके. म्हणजे टॅग वाचताना पुन्हा पिशवी उसवणे आलेच.

निवड झाली टॉमलची. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती २०१३ मध्ये मांडली. तीत शब्द अवतरणचिन्हांतच लिहावे लागतात, म्हणून १.१० अवतरणात लिहिले तर ते तसेच राहते. # या खुणेनंतर टीप लिहिता येते. रस्ट भाषेच्या पॅकेजेसनी ती आधीच स्वीकारली होती.

ही निवड निर्दोष नव्हती. टॉमल तेव्हा १.० आवृत्तीलाही पोचली नव्हती. ते झाले २०२१ मध्ये. आणि टॉमल वाचण्याची सोय खुद्द पायथनमध्ये आली ती ३.११ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर पॅकेज बसवणाऱ्या पिप या साधनाला वाचकाची प्रत स्वतःबरोबर बाळगावी लागली.

संगणक असलेल्या शाळेत हे करून पाहता येईल. बियाण्याचा एक टॅग मुलांकडून जेसॉन, यामल आणि टॉमल या तिन्हींत लिहून घ्यावा आणि प्रोग्रामला वाचायला द्यावा. यामलमध्ये लॉट क्रमांक मुद्दाम ०१० ठेवावा, तोही अवतरणचिन्हांशिवाय. टॉमलमध्ये वाणाचे नाव मराठीत खुशाल लिहावे. मात्र डावीकडचे ‘वाण’ हे बाबीचे नावही देवनागरीत लिहायचे तर त्यालाही अवतरणचिन्हे लागतात.