कल्पना शंभर, वेगळ्या किती?

डोंबिवलीला गाडीत शिरताना माणूस पाठीवरची सॅक छातीवर घेतो. मागे राहिली तर ती दुसऱ्याला टोचते आणि चेन कुणी उघडली तरी कळत नाही. पाठीसाठी बेतलेली वस्तू लोक रोज उलटी वापरतात, म्हणजे इथे नव्या डिझाइनला जागा आहे. मग गर्दीच्या लोकलसाठी शंभर सॅक सुचव, असं संगणकालाच सांगितलं तर? काम झटपट होईल यात शंका नाही. अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलच्या संशोधकांनी २०२३ साली विद्यार्थ्यांच्या २०० आणि जीपीटी-४च्या २०० उत्पादन-कल्पना ग्राहकांपुढे ठेवल्या. सर्वाधिक पसंतीच्या ४० कल्पनांपैकी ३५ यंत्राच्या निघाल्या.

हा निकाल खरा मानूनही मला वाटतं, सुरुवात यंत्रापासून करू नये. २०२४ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या प्रयोगात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथा सुट्या वाचल्या तर सरस ठरल्या, पण एकमेकींसारख्या झाल्या. सॅकचंही तसंच झालं, तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या चार कारखानदारांच्या हाती एकाच सॅकचे चार नमुने येतील. माणूसही चाकोरीतच अडकतो, हा आक्षेप रास्त आहे. जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९९१ साली दाखवलं की, न सांडणाऱ्या कपाचा सदोष नमुना समोर ठेवला, तर स्ट्रॉ नको असं बजावूनही लोक स्ट्रॉच काढतात. पण यंत्राची यादी आधी वाचणं म्हणजे असाच नमुना समोर ठेवणं.

छोट्या कारखान्याला डिझायनर परवडत नाही, तिथे आयती यादी काय वाईट? पण यादी जवळपास फुकटच मिळते. पैसा जातो तो निवडीत आणि नमुना शिवण्यात. त्यापेक्षा खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीचा जुना तक्ता बरा: वस्तूच्या प्रत्येक अंगाचे पर्याय मांडायचे आणि त्यांच्या सगळ्या जुळण्या पाहायच्या. सॅक धरायच्या ४ जागा, उघडायच्या ५ तऱ्हा, ४ प्रकारचं कापड, टांगायच्या ३ सोयी: जुळण्या होतात २४०. संगणक त्या क्षणात मांडतो, आणि कोणता रकाना कुणी तपासलाच नाही तेही दिसतं. रकाने मात्र प्रवाशाला पाहूनच भरावे लागतात: चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्याची सॅक मांडीवर मावते का, दारात उभ्या असलेल्याला एका हाताने डबा काढता येतो का. आधी स्वतःची रेखाटनं, मग तक्ता, आणि रिकाम्या रकान्यांपुरतं एआय, हा क्रम मला पटतो. पवईच्या आयआयटीत १९६९पासून औद्योगिक डिझाइन शिकवलं जातं, ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या विद्यार्थ्यांनी हा तक्ता कल्याण लोकलमध्ये उभं राहून भरायला हरकत नाही.