एअर रायफलच्या नळीत अडकलेला छर्रा काढणे

प्रस्तावना

10 मीटर एअर रायफल हा ऑलिंपिकमधील नेमबाजीचा प्रकार आहे. 2008 साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थी नेमबाजीची सुरुवात एअर रायफलनेच करतात. सराव करताना कधीतरी असे घडते की घोडा ओढला जातो, आवाज नेहमीपेक्षा दबका येतो आणि लक्ष्यपत्रावर छिद्र दिसत नाही. छर्रा नळीतच राहिलेला असतो. अशा वेळी ‘दुसरा मारला की पहिला निघून जाईल’ असा विचार मनात येतो. तो चुकीचा का आहे आणि छर्रा कसा काढावा, हे या पाठात पाहू.

छर्रा का अडकतो?

4.5 मि.मी. व्यासाचा हा छर्रा बहुधा मऊ शिशाचा असतो. त्याचे डोके भरीव, कंबर बारीक आणि मागचा घेर पोकळ असतो. मागून हवेचा दाब आला की घेर पसरतो आणि नळीतील पिळदार खाचांत घट्ट बसतो. त्यामुळे हवा निसटत नाही आणि छर्र्याला फिरकी मिळते. म्हणजेच छर्रा नळीत घट्ट बसणे आवश्यकच असते. मात्र दाब कमी पडला, तर हाच घट्टपणा त्याला अडवतो.

मुख्य कारणे अशी:
• सिलिंडरमधील हवा संपत येणे
• स्प्रिंगच्या रायफलमधील वॉशर झिजणे आणि हवा गळणे
• छर्र्याचा घेर आधीच चेपलेला असणे
• चुकून एकामागे एक दोन छर्रे भरले जाणे

दुसरा छर्रा का मारू नये?

एक साधे गणित करू. छर्र्याचे वस्तुमान 0.53 ग्रॅम आणि वेग सेकंदाला 170 मीटर धरला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 7.7 ज्यूल येते. ही ऊर्जा 40 सें.मी. लांबीच्या नळीत मिळाली असे मानले, तर सरासरी निव्वळ बल फक्त 19 न्यूटन, म्हणजे साधारण 2 किलो वजनाइतके होते.

आता हा छर्रा अडकलेल्या छर्र्यावर आदळून त्याला चिकटला, असे समजा. घर्षण शून्य मानले तरी संवेगाच्या अक्षय्यतेनुसार वेग निम्मा होतो आणि निम्मी ऊर्जा शिसे चेपण्यात जाते. चेपलेले शिसे बाजूंना पसरते आणि घर्षण वाढते. आता एकाऐवजी दोन छर्रे अडकतात. तिसरा मारल्यास तीन अडकतील. याउलट, हाताने गज ढकलताना बल सावकाश वाढवता येते आणि हवे तेव्हा थांबवता येते.

काढण्याची पद्धत

1. नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवा, हात वर करा आणि रेंज अधिकाऱ्यांना सांगा. रायफल घेऊन मागे वळू नका.

2. रायफलमधील ऊर्जा काढून टाका. हवेच्या सिलिंडरची रायफल असल्यास प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सिलिंडर वेगळा करा आणि भरण्याचा खटका उघडा ठेवा. नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल ताणलेली असेल, तर स्वतः काही करू नका. उघड्या स्थितीत घोडा ओढला गेल्यास नळी झटक्यात मिटते आणि बोटे मोडू शकतात. ती तशीच आर्मररकडे द्या.

3. नळीच्या तोंडातून गज अलगद आत सरकवा. तो थांबेल तिथे खूण करा, बाहेर काढा आणि नळीशेजारी धरून पाहा. छर्रा कुठे आहे ते कळेल.

4. गज सरळ, पितळी किंवा प्लास्टिकचे आवरण असलेला, सपाट टोकाचा आणि नळीत सैल न हलणारा असावा. सायकलची तार किंवा छत्रीची काडी वापरू नका. पोलाद खाचांवर ओरखडे पाडते. लाकडी काडी आतच तुटते. पुल-थ्रूचाही उपयोग नाही, कारण त्याची दोरी छर्र्यापलीकडे जातच नाही.

5. साधारणपणे तोंडाकडून छर्रा भरण्याच्या बाजूला ढकला. असे केल्यास जोर भरीव डोक्यावर पडतो. मागून बारीक गज घातला तर तो पोकळ घेरात शिरून घेर आणखी पसरवू शकतो. नळीची मागची बाजू सरळ उघडत नसेल, तर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे करा.

6. जोर सावकाश वाढवा. हातोडी मारू नका, नळी तापवू नका, तोंडाने फुंकू नका. छर्रा हलला नाही तर थांबा आणि आर्मररला बोलवा. तेल ओतण्याचा मोह टाळा. दाबाखालील हवेत तेलाची वाफ पेट घेऊ शकते.

नळीच्या तोंडाची काळजी

छर्रा बाहेर पडताना त्यामागची हवा सर्व बाजूंनी सारखी सुटली पाहिजे. तोंडाच्या कडेला ओरखडा असेल तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा किंचित कलतो. या प्रकारात दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मि.मी. व्यासाचा असतो. म्हणून गज कडेला घासू न देता मधोमध धरावा.

नळी मोकळी झाली का?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 10 मीटर एअर रायफलची सुरक्षा-दोरी नळीच्या संपूर्ण लांबीतून आरपार जावी लागते. हीच दोरी तपासणीसाठी वापरा. ती दोन्ही टोकांना दिसली तर नळी मोकळी आहे. दोरी मध्येच अडली तर आत काहीतरी आहे. त्यानंतर कोरडी चिंदी फिरवा. शिसे विषारी असल्यामुळे काहीही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा. छर्रा का अडकला ते शोधल्याशिवाय पुन्हा नेम धरू नका, कारण सिलिंडर रिकामाच असेल तर पुढचा छर्राही अडकेल.

सारांश

अडकलेला छर्रा दुसऱ्या छर्र्याने काढू नये. आधी रायफलमधील ऊर्जा काढावी, मग योग्य गजाने सावकाश ढकलावे आणि शेवटी नळी आरपार मोकळी असल्याची खात्री करावी.

स्वाध्याय

1. छर्र्याचा घेर पोकळ का ठेवलेला असतो?
2. दोन समान वस्तुमानांच्या पूर्ण अप्रत्यास्थ टकरीत निम्मी गतिज ऊर्जा कमी होते, हे सिद्ध करा.
3. पोलादी तारेऐवजी पितळी गज का वापरावा?