आम्लवर्षा आणि अरण्याची प्रकृती

शरीरातील कॅल्शियमचे मोल वैद्यकाला सांगावयास नको. वृक्षांनाही ते तितकेच लागते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचे अरण्य आहे. जीन लायकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून तेथील पावसाचे व ओढ्यांच्या पाण्याचे परीक्षण आरंभिले. स्वच्छ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो, तेथे तो ४ च्या आसपास आढळला. दूरच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांतील गंधक व नत्राची ऑक्साइडे आम्ल होऊन अरण्यावर बरसत होती. त्या आम्लाने मातीतील कॅल्शियम धुऊन नेले आणि बद्ध असलेले ॲल्युमिनियम मोकळे होऊन मुळांना बाधू लागले. लाल स्प्रूसची थंडी सोसण्याची शक्ती क्षीण झाली. शुगर मेपल खंगले.

१९९० च्या कायदादुरुस्तीनंतर गंधकाचे उत्सर्जन पुष्कळ घटले, तरी माती सावरेना. १९९९ साली एका पाणलोट क्षेत्रावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियम सिलिकेट पसरले, तेव्हा मेपलची प्रकृती सुधारली. निदान पक्के झाले.

त्यात आता हवामानबदलाची भर पडली आहे. हिवाळे उबदार होताच बर्फाचे पांघरूण विरळ होते. उघड्या मातीत थंडी खोल उतरते आणि कोवळी मुळे मरतात. बर्फ उपसून केलेल्या प्रयोगांत हे दिसून आले आहे.

रोगाचे कारण दूर झाले तरी झीज तत्काळ भरून येत नाही, हे आपण रुग्णशय्येपाशी नित्य पाहतो. अरण्याच्या बाबतीत तर प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपचार होय.